दुकानाची पाटी व लोकांची दृष्टि

दुकानदारानें आपल्या दुकानाची पाटी किती उंच, किती रुंद व कोणत्या रंगाची लावावी, हें ठरविण्याचा अधिकार नगरसभेला असावा काय? प्रश्न वरवर पाहतां इतका क्षुल्लक दिसतो कीं, तत्त्वचर्चेच्या पानांत त्याला जागा कशाला, असें वाचकांस वाटेल. दोन वर्षांपूर्वीं आम्हांसहि तसेंच वाटलें असतें. परंतु व्यक्तीचें स्वातंत्र्य कोठें संपतें, समाजाचा हक्क कोठून सुरू होतो, सौंदर्य ही ज्याच्या त्याच्या मनाची गोष्ट कीं सर्वांची ठेव, हे जे प्रश्न आम्ही वर्गांत तीस वर्षें शिकवीत आलों, ते सारे एका पाटीच्या निमित्तानें एका सायंकाळीं आमच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचें उत्तर शोधतांना आमची स्वतःचीहि थोडी उलटतपासणी झाली. ती हकीकत व तीवरून सुचलेले विचार येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

दोन वर्षांपूर्वीं कन्येकडे कॅलिफोर्नियांत कांहीं महिने राहण्याचा योग आला. गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तशीं मध्यम वस्तीचीं गांवें त्या प्रांतांत शेंकड्यांनीं आहेत. एके दिवशीं वेळ जात नव्हता म्हणून नगरसभेच्या बैठकीस जाऊन बसलों. त्या प्रांतांत १९५३ सालच्या ब्राउन कायद्यानें स्थानिक सभांच्या बैठकी लोकांस खुल्या ठेवाव्या लागतात. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधीं जाहीर लावावी लागते व नागरिकांस बोलूं द्यावें लागतें. बोलण्यास बहुधा तीन मिनिटें मिळतात. आमच्यासारख्या पाहुण्यासहि मागच्या बांकावर बसण्यास कोणाची आडकाठी नव्हती.

त्या दिवशींच्या मुख्य विषयाचें स्वरूप समजण्यास तेथील शॉपिंग सेंटर म्हणजे काय हें थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या पेठेंतील दुकानें रस्त्याला खेटून असतात. चालणारा गिऱ्हाईक माल पाहतो, दुकानदाराशीं दोन शब्द बोलतो व मग आंत शिरतो. तेथें पुढें मोटारी उभ्या करण्याचें विस्तीर्ण आवार असतें आणि दुकानांची ओळ त्याच्या पलीकडे, रस्त्यापासून पुष्कळ लांब असते. गिऱ्हाईक मोटारींतून ताशीं चाळीस मैलांच्या वेगानें जात असतो, म्हणजे दर सेकंदास सुमारें ५९ फूट. पाट्या करणाऱ्यांचा एक ढोबळ ठोकताळा असा कीं, एक इंच उंचीचें अक्षर सुमारें तीस फुटांवरून नीट वाचतां येतें. अर्थात् तीनशें फुटांवरून नांव वाचावयाचें तर अक्षर दहा इंच उंच पाहिजे; आणि एवढें केल्यावरहि तें वाचून, वेग कमी करून, आंत वळण्यास मोटारवाल्यापाशीं पांचच सेकंद उरतात. रॉबर्ट व्हेंच्युरी व डेनिस स्कॉट ब्राउन या वास्तुकारांनीं स्टीव्हन आयझेनूर यांच्यासह १९७२ सालीं लास व्हेगासवर जें पुस्तक लिहिलें, त्यांतहि हाच मुद्दा आहे: मोटारीच्या रस्त्यावर इमारत गौण होते आणि पाटी प्रधान होते. तेव्हां रस्त्याच्या कडेची पाटी ही तेथील दुकानदाराची हौस नव्हे; ती त्याची हाक आहे. ती ऐकूं गेली नाहीं तर दुकान असून नसल्यासारखें.

आतां प्रकरण असें होतें. वीस-बावीस दुकानांच्या अशा एका आवाराच्या मालकानें जुनी पाटी काढून पंचवीस फूट उंचीची, आंतून दिव्यांनीं उजळणारी नवी पाटी उभारण्याची परवानगी मागितली होती. तिच्यावर दोन मोठ्या साखळीदुकानांचीं नांवें ठळक व इतर दुकानांचीं खालीं लहान अक्षरांत, अशी योजना होती. रचना तपासणाऱ्या समितीनें ती नाकारून बारा फूट उंचीची, दगडी चौथऱ्यावर बसविलेली, बाहेरून मंद उजेड टाकलेली पाटी सुचविली. त्यावर मालकानें नगरसभेकडे दाद मागितली होती.

मालकाचा वास्तुकार प्रथम बोलला. धंदा चालला तर भाडें येईल, भाडें आलें तर कर येईल, आणि करावरच ही सभा चालते, असें त्याचें सरळ गणित होतें. नंतर एक वृद्ध बाई उठल्या. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षें आपण स्वयंपाकघराच्या खिडकींतून डोंगरामागें सूर्य मावळतांना पाहत आलों. तो डोंगर आपला नाहीं हें खरें, पण तो झांकण्याचा हक्क दुसऱ्या कोणास कसा मिळतो? तिसरा बोलला तो त्याच आवारांत जोडे दुरुस्त करणारा एक कारागीर. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: मोठ्या दुकानांस सारें जग ओळखतें, मला कोणी ओळखत नाहीं. पाटी खालीं आली कीं झाडाआड गेली, आणि मीहि तिच्याबरोबर गेलों. त्याला तीन मिनिटें लागलीं नाहींत. एका मिनिटांत तो खालीं बसला.

यानंतर सभासदांची चर्चा झाली. तींतला बराच वेळ चौथऱ्याच्या दगडाचा तपकिरी रंग किती गडद असावा यांत गेला. आम्हांस हसूं आलें, हें कबूल केलें पाहिजे. शेवटीं तीन विरुद्ध दोन मतांनीं ठराव झाला: पाटी बारा फुटांचीच, मोठ्या दुकानांचीं नांवें वर व इतरांचीं नांवें खालीं, चार इंचांच्या अक्षरांत. सभा संपली. वृद्ध बाई समाधानानें निघून गेल्या. वरचा ठोकताळा लावून आम्हीं मनाशीं हिशेब केला. चार इंचांचें अक्षर एकशेंवीस फुटांवरून दिसणार. म्हणजे त्या कारागिराच्या वांट्यास दोन सेकंद आले.

या दोन सेकंदांनीं आमची झोंप मोडली म्हटलें तर अतिशयोक्ति होईल; पण परतीच्या वाटेवर आमचें हसूं मात्र मावळलें.

पहिला प्रश्न असा: सौंदर्यासाठीं सत्तेनें बळ वापरावें काय? जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधांत जी मर्यादा घालून दिली ती सर्वश्रुत आहे: दुसऱ्यास इजा होत असेल तरच समाजानें व्यक्तीस रोखावें. मग कुरूप पाटीनें इजा होते काय? हाड मोडत नाहीं, पैसा जात नाहीं. परंतु येथें एक भेद ध्यानांत घ्यावा लागतो. न आवडलेलें पुस्तक मिटतां येतें, न आवडलेल्या नाटकांतून उठून जातां येतें. रस्ता मिटतां येत नाहीं. ज्याला रोज त्याच वाटेनें कामावर जावयाचें आहे, त्याच्या डोळ्यांवर पाटी लादलीच जाते. दुकानदार आपल्या जागेंत पाटी उभारतो खरा, पण ती उभारण्याचें सारें प्रयोजन त्या जागेच्या बाहेर आहे. घरांत कोणी कोणता रंग द्यावा हें विचारण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण जी वस्तु केवळ आमच्या नजरेसाठींच केली आहे, तिच्याविषयीं बोलण्याचा थोडा तरी अधिकार आमच्या नजरेला असला पाहिजे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें १९५४ सालीं बर्मन विरुद्ध पार्कर या खटल्यांत, लोकहिताच्या कल्पनेंत आरोग्याप्रमाणें सौंदर्याचाहि समावेश होऊं शकतो, असें एकमतानें मान्य केलें. हें तत्त्व आम्हांस रास्त वाटतें.

यावर आक्षेप असा कीं, रुचि माणसामाणसागणिक निराळी. मग कोणाची रुचि कायदा व्हावी? येथें कांट आमच्या मदतीस येतो. १७९० सालच्या आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, “हें सुंदर आहे” असें म्हणतांना माणूस “हें मला आवडतें” एवढेंच म्हणत नसतो. इतरांनींहि तसें मानावें अशी अपेक्षा त्यांत असते. परंतु ही अपेक्षा कोणत्याहि नियमानें किंवा प्रमाणानें सिद्ध करतां येत नाहीं. या दोन गोष्टी एकत्र धरल्या म्हणजे आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळतें. सौंदर्याचा दावा सर्वांपुढें मांडण्यासारखा आहे, म्हणून त्याची चर्चा करणें मूर्खपणाचें नाहीं. आणि तो दावा सिद्ध करतां येत नाहीं, म्हणून तो एकट्या अधिकाऱ्याच्या हातीं देणें धोक्याचें आहे. तेव्हां अशा गोष्टीचा निकाल उघड्या सभेंत, बोलून, ऐकून व शेवटीं मतें मोजून लागावा, याहून बरी रीत आम्हांस सुचत नाहीं. बहुमतानें तपकिरी रंग सुंदर ठरत नाहीं. आज आपण एकत्र कसें राहावें एवढेंच ठरतें, आणि तें उद्यां बदलतांहि येतें. त्या सभेंतील रंगाच्या घोळाला हसलों ही आमची चूक होती. अशीं माणसें रंगावर वाद घालतात म्हणूनच तेथील डोंगर अजून दिसतो.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. पाटीचा आकार पाहतां पाहतां सत्ता पाटीवरील मजकुराकडे पाहूं लागली तर? मिसुरी संस्थानांतील लाड्यू या गांवीं, आखाती युद्धाच्या सुमारास, एका बाईनें शांततेची मागणी करणारा कागदाच्या एका पानाएवढा फलक घराच्या खिडकींत लावला. गांवाच्या सौंदर्यास बाधा नको म्हणून गांवच्या नियमानें घरांवर बहुतेक सर्व फलकांस बंदी होती. १९९४ सालीं सुप्रीम कोर्टानें तो नियम एकमतानें रद्द केला. पुढें ॲरिझोनांतील गिल्बर्ट या गांवाचें प्रकरण आलें. तेथील नियमांत मतप्रचाराच्या फलकास २० चौरस फूट, निवडणुकीच्या फलकास जागेप्रमाणें १६ किंवा ३२, आणि प्रार्थनेची वाट दाखविणाऱ्या तात्पुरत्या फलकास अवघे ६ चौरस फूट, तेहि कार्याच्या १२ तास आधींपासून नंतरच्या एका तासापर्यंतच, अशी वर्गवारी होती. २०१५ सालीं तोहि नियम एकमतानें कोसळला. कारणमीमांसेंत न्यायमूर्तींचा मतभेद होता, पण तात्पर्य स्पष्ट होतें: उंची, रुंदी, उजेड, जागा यांवर नियम करा, फलक काय म्हणतो हें वाचून त्याचें माप ठरवूं नका. सौंदर्याच्या नांवाखालीं नावडतें मत पुसून टाकणें किती सोपें आहे, हें लाड्यूच्या त्या लहानशा कागदावरून समजतें.

येथें मराठी वाचकास आपली एक गोष्ट आठवल्यावांचून राहणार नाहीं. महाराष्ट्रांत २०२२ सालच्या दुरुस्तीनें लहानमोठ्या सर्व दुकानांस मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरें इतर लिपींतील अक्षरांहून लहान असूं नयेत असें ठरलें. २०२३ च्या सप्टेंबरांत सुप्रीम कोर्टानें दुकानदारांस त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. अमेरिकेचें तत्त्व शब्दशः लावलें तर हा नियम टिकावयाचा नाहीं, कारण तो अक्षरांकडेच पाहतो. तथापि आम्हांस तो सर्वथा अन्याय्य वाटत नाहीं. काय बोलावें हें तो सांगत नाहीं. ज्या लोकांच्या रस्त्यावर बोलतां, त्यांना समजेल असें बोला, एवढेंच सांगतो. मात्र त्यांतील “लहान असूं नयेत” हे शब्द आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात, आणि त्यांचें कारण पुढें येईल.

तिसरा प्रश्न न्यायाचा. आणि तोच त्या सायंकाळीं सभेच्या हातून निसटला असें आम्हांस वाटतें. ॲरिझोनांतीलच सेडोना हें गांव तांबड्या खडकांच्या डोंगरांत वसलें आहे. मॅक्डोनल्डच्या उपाहारगृहाची पिंवळी जोडकमान त्या खडकांशीं विसंगत दिसेल असें गांवच्या कारभाऱ्यांस वाटलें. म्हणून १९९३ सालीं तें उघडलें तेव्हां त्याची कमान निळसर हिरव्या रंगाची करण्यांत आली. धंद्यास अपाय झाला नाहीं. उलट ती कमान पाहण्यास प्रवासी येऊं लागले. हा दाखला पाटीनियमांचे पुरस्कर्ते मोठ्या उत्साहानें देतात. परंतु त्यांतून निराळाच बोध निघतो. ज्याची खूण सर्व जगाला पाठ आहे, त्याची पाटी रंगानें बदला, उंचीनें उतरवा, तो ओळखूं येणारच. ज्याला कोणी ओळखत नाहीं त्याच्या पाटीचें प्रत्येक इंच त्याच्या भाकरींतून जातें. एकच नियम दोघांस लावला म्हणजे समता झाली, असें कायद्यास वाटतें. पण भार सारखा पडला कीं नाहीं हें कायद्याच्या शब्दांवरून कळत नाहीं, तो ज्याच्या खांद्यावर पडला त्यास विचारावें लागतें.

ब्राझिलमधील साओ पाउलो या महानगरानें तर १ जानेवारी २००७ पासून जाहिरातींचे सारे मोठे फलक उतरविले आणि दुकानांच्या स्वतःच्या पाट्याहि दर्शनी रुंदीच्या मापानें बांधून टाकल्या: दहा मीटरांहून अरुंद दर्शनी बाजूस दीड चौरस मीटर, त्याहून रुंद बाजूस शंभर मीटरांपर्यंत चार. येथें लक्षांत घेण्याजोगें हें कीं, मोठ्या दुकानाची रुंदी दहापट झाली तरी पाटी दहापट होत नाहीं. मोठ्यानें अधिक सोडावयाचें, लहानानें कमी, असें तें माप आहे. आणि फलक उतरल्यावर त्यांच्या मागें दडलेल्या गरीब वस्त्याहि लोकांस दिसूं लागल्या. फलक शहराची शोभा झांकतो तसें शहराचें दैन्यहि झांकतो, आणि दोन्ही दिसणें नागरिकाच्या हिताचें आहे.

तेव्हां त्या सभेंत आम्हांस मत असतें तर आम्हीं कोणतें दिलें असतें? पाटी बारा फुटांचीच असावी, कारण डोंगर सर्वांचा आहे. पण तिच्यावरील सर्व दुकानांचीं अक्षरें एकाच उंचीचीं असावीं असा आग्रह आम्हीं धरला असता. मजकूर न वाचतां करतां येण्याजोगा हा नियम आहे. बारा फुटांत सर्वांस मोठीं अक्षरें मावत नसतील तर आवाराच्या दुसऱ्या तोंडाशीं तशीच दुसरी ठेंगणी पाटी मालकानें उभारावी. दृष्टीचें सुख सर्व गांवानें घ्यावें आणि त्याची किंमत एका जोडे शिवणाऱ्यानें द्यावी, हें सौंदर्य नव्हे. तो दुसऱ्याच्या खर्चानें केलेला शृंगार आहे. आपल्या मराठी पाटीच्या नियमांतील “लहान असूं नयेत” हे शब्द आम्हांस महत्त्वाचे वाटले ते याचसाठीं. दुर्बळास वेगळी कृपा नको असते. त्याचें अक्षर बळवंताच्या अक्षराहून लहान नसावें, इतकीच त्याची मागणी असते.

येथें लेख संपविणें आम्हांस सोयीचें झालें असतें. परदेशच्या सभेंत न मिळालेलें मत देणें फार सोपें. पण स्वदेशीं परत आल्यावर जें दिसलें तेंहि सांगितलें पाहिजे. १३ मे २०२४ रोजीं मुंबईंत घाटकोपर येथें वादळांत एक जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ माणसें मेलीं. महापालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फुटांची असतां तो फलक सुमारें १२० फूट बाय १२० फूट होता, म्हणजे क्षेत्रफळानें नऊपट. तो कोठें लपविलेला नव्हता. दिसावा म्हणूनच उभारलेला होता. हजारों माणसें रोज त्याच्याखालून गेलीं. त्या हजारोंत आमच्यासारखा एखादा अध्यापकहि असेल. ज्यांचें कर्तव्य होतें त्यांचा दोष कायदा ठरवील. पण पाहूनहि न विचारण्याची संवय ही आपणां सर्वांची आहे.

आणि ती आमची कशी आहे हें सांगून हा लेख पुरा करतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांस एक लहानसा मान मिळाला, तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं कॉलेजजवळच्या चौकांत आमच्या अभिनंदनाचा फलक लावला. आमचा चेहरा त्यावर चार फूट उंच होता. तो एका झाडाला तारेनें बांधलेला होता आणि त्याच्यामागें एका वहीपेन विकणाऱ्याच्या दुकानाची जुनी पाटी होती. ती आमच्या चेहऱ्यानें पूर्ण झांकली गेली. परवानगी कोणीं काढली नव्हती; आम्हींहि विचारलें नाहीं. त्या पंधरवड्यांत आम्ही त्या वाटेनें गरज नसतांहि दोनदां गेलों, हें आज सांगतांना लाज वाटते. दुकानदार आम्हांस रोज नमस्कार करी. “सर, तुमचा फोटो चांगला आला आहे,” असेंहि एकदां म्हणाला. त्याच्या त्या बोलण्यांत तक्रार होती कीं नाहीं, हें आम्हांस तेव्हां कळलें नाहीं, कारण आम्हीं तें ऐकलेंच नाहीं. आम्ही फोटो पाहत होतों.

परदेशांतून आल्यावर आम्ही त्याच्या दुकानांत गेलों व त्या पंधरवड्याबद्दल क्षमा मागितली. त्याला तें आठवेना, किंवा आठवत असूनहि त्यानें तसें दाखविलें नाहीं. चौकांत त्या वेळीं दुसऱ्या कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक होता. दुसऱ्या दिवशीं आम्ही महापालिकेच्या विभाग कार्यालयांत जाऊन त्याविषयीं लेखी अर्ज दिला, आणि आमच्या विद्यार्थ्यांस, पुन्हां आमचा फलक लावूं नये, असें सांगितलें. अर्जाचा निकाल अजून लागावयाचा आहे. तो लागेपर्यंत दर महिन्यास जाऊन विचारण्याचें आम्हीं ठरविलें आहे. तेथें बोलण्यास तीन मिनिटें मिळालीं तरी तीं पुरेशीं होतील.